ईस्टरपासून उलटं मोजा: ठाण्याच्या बाल्कनीतली भाजी आणि उपासाच्या दिवसांतला स्वयंपाक

पहिल्या वर्षी मी भेंडी राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतल्या पहिल्या दिवशी, लावली. चर्चमधून आले, कपाळावर राख तशीच, आणि मोठ्या उत्साहात सहा ग्रो बॅगांमध्ये बिया टोचल्या. हिशोब सोपा होता, चाळीस दिवस म्हणजे ईस्टरच्या जेवणाला घरची भेंडी. ईस्टरला आलं काय तर पिवळी फुलं. दिसायला सुंदर, पण फुलांची भाजी कशी करणार? त्या दिवशी शेवटी जांभळी नाक्यावरून पाव किलो आणली आणि कुणाला काही बोलले नाही.

माझं माहेर वसईचं. तिथे वाडी, विहीर, केळी, आणि आई काही मोजायची वगैरे नाही, तिला माहीतच असायचं. मी घोडबंदर रोडला सातव्या मजल्यावर, पश्चिमेची बाल्कनी, दुपारी दोननंतर नुसतं भाजून काढणारं ऊन. इथे माहीत असून चालत नाही, मोजावं लागतं. आणि मोजायचं ते पण ईस्टरपासून मागे, बुधवारपासून पुढे नाही, एवढीच खरं तर युक्ती आहे, बाकी सगळं त्याच्यातूनच निघतं.

आधी कॅलेंडर घ्या

ईस्टरची तारीख दरवर्षी सरकते, कारण ती चंद्रावर चालते: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार. म्हणून ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलच्या मधे कधीही येतो. राखेचा बुधवार त्याच्या बरोब्बर ४६ दिवस आधी. चाळीस म्हणतात ते रविवार सोडून, आणि मातीला रविवार-बिविवार कळत नाही, म्हणून आपण ४६ धरायचे.

२०२६ ला बुधवार १८ फेब्रुवारी आणि ईस्टर ५ एप्रिल. २०२७ ला १० फेब्रुवारी आणि २८ मार्च. २०२८ ला एकदम १ मार्च आणि १६ एप्रिल. आता बघा, ठाण्यात १० फेब्रुवारीला सकाळी अजून जरा गार असतं आणि १ मार्चला पंखा फुल स्पीडला असतो. म्हणजे "लेन्टमध्ये (ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत) काय लावू" याला एकच उत्तर नाहीच. ईस्टर लवकर असेल तर पालक, कोथिंबीर अजून जमून जाते, उशिरा असेल तर त्यांचा नाद सोडा, ती दहा पानं देऊन सरळ फुलावर येते. आणि जे वसंतऋतूतल्या बागकामाचे विलायती व्हिडिओ असतात ना, बर्फ वितळला आता बिया पेरा टाइप, ते बघायला छान, पण आपल्याकडे या दिवसांत थंडी संपून उन्हाळा सुरू होतो. आपल्याला झाड थंडीपासून नाही, उन्हापासून वाचवायचंय.

माती

जुनी माती फेकू नका. कुंडी वर्तमानपत्रावर उपडी करा, मुळांची जाळी काढा, दोन-तीन दिवस उन्हात पसरून ठेवा, हुमणी-बिमणी असेल तर निघून जाते. मग अंदाजाने दोन भाग ही माती, एक भाग गांडूळखत किंवा नीट कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), आणि बारा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. नर्सरीतून पोत्यात मिळते ती लाल माती एकटी वापरू नका, चार पाणी घातली की विटेसारखी घट्ट होते. कोकोपीट भिजवून, पिळून घ्या, पहिलं पाणी टाकून द्या, त्यात क्षार असतात.

बाल्कनीला खोल कुंड्या लागतातच असं नाही. पालेभाजीला सहा इंच खोली पुष्कळ, माझा लाल माठ तर थर्माकोलच्या मासळीच्या खोक्यात असतो, कोळणीकडून फुकट मिळतं ते, खाली भोकं पाडली की झालं (दोनदा स्वच्छ धुवा, नाहीतर मांजरं गोळा होतात, अनुभव आहे). भेंडीला, काकडीला मात्र बारा इंचाची ग्रो बॅग हवीच.

कधी काय लावायचं

भेंडीला आपल्याकडे पेरल्यापासून पहिल्या तोडणीपर्यंत पन्नास-पंचावन्न दिवस लागतात, फेब्रुवारीत रात्री गार असल्या की अजून थोडे. म्हणून बिया राखेच्या बुधवारच्या दहा-बारा दिवस आधीच पडल्या पाहिजेत. बी रात्रभर पाण्यात भिजत ठेवा, तरंगणारं काढून टाका, एका बॅगेत दोन टोचा आणि नंतर दणकट रोप एकच ठेवा. दुसरं उपटताना जीव तुटतो पण उपटा. एका झाडावर एका वेळी दोन-तीन भेंड्या मिळतात, त्यामुळे चार माणसांच्या भाजीला सहा-आठ झाडं तरी हवीत, दोन झाडं लावून "येत नाही हो" म्हणू नका.

राखेच्या बुधवारी लावायचा तो लाल माठ. पंचवीस-तीस दिवसांत कापायला येतो, म्हणजे मधल्या शुक्रवारांना तयार. बी खसखशीएवढं असतं, ते चार चमचे कोरड्या रेतीत मिसळा म्हणजे एकाच जागी पडत नाही, वरून नुसती चिमटीने माती भुरभुरा, आणि पाणी मगने ओतू नका, हाताने शिंपडा. पहिले तीन दिवस मुंग्यांवर लक्ष ठेवा, त्या बी उचलून नेतात आणि आपण बियाणं खराब म्हणून दुकानदाराला शिव्या घालतो. दहा दिवसांनी दाटी कमी करायला जी रोपं उपटाल ती फोडणीत घाला. नंतर कापताना जमिनीपासून दोन-तीन इंच ठेवून कापा, परत फुटतो. दोन आठवड्यांनी दुसऱ्या खोक्यात परत पेरा, म्हणजे पवित्र आठवड्यालाही (ईस्टरच्या आधीचा आठवडा) ताजा मिळतो.

समुद्र मेथी माझी सगळ्यात लाडकी. बाजारात त्या छोट्या-छोट्या जुड्या मिळतात ना, मुळाला रेती चिकटलेल्या, तीच. ती काही वेगळी जात नाही, साधी मेथी रेतीत दाट पेरून कोवळीच उपटलेली असते. दोन-तीन इंच खोल ट्रे, खाली भोकं, त्यात धुतलेली बांधकामाची रेती (समुद्रावरची खारी नको), वर स्वयंपाकघरातल्या डब्यातली मेथी रात्रभर भिजवून अगदी दाणा दाण्याला लागेल इतकी दाट, वर बोटभर जाडीही नको इतका रेतीचा थर. दिवसातून दोनदा पाणी. दहा-बारा दिवसांत तयार. खत नाही, कीड नाही, नवशिक्यांनी इथूनच सुरुवात करावी. दर आठवड्याला एक ट्रे लावत गेलात तर पूर्ण लेन्ट निघतो, शेवटचा ट्रे झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीचा रविवार) चार-पाच दिवस आधी लावा, ईस्टरच्या ताटात येतो.

पुदिना: जुडीतल्या जाड काड्या पाण्यात ठेवा, आठवड्यात मुळं, मग कुंडी, सावलीकडे. संपलं.

काकडी लावली तर एक सांगते, सातव्या मजल्यावर मधमाश्या फार येत नाहीत. फुलं येतात, मागे बारीक काकडी दिसते आणि पिवळी पडून गळते. सकाळी नऊच्या आत नर फूल तोडा, पाकळ्या काढा, आणि ते मादी फुलाच्या आत हलकेच फिरवा. मागे छोटी काकडी असते ती मादी. माझा नवरा हे बघून रोज काहीतरी विनोद करतो.

आणि मोगरा. हे भाजीत बसत नाही पण ईस्टरला वेदीपुढे घरचा मोगरा ठेवायचा मला भारी सोस आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात झाड निम्म्याने छाटा, उरलेली पानंही ओरबाडून काढा, दिसतं मेल्यासारखं, घाबरू नका. आठवडाभर पाणी एकदम कमी, फक्त माती भुगा होणार नाही इतकं. मग वरची माती उकरून दोन मुठी शेणखत, भरपूर पाणी, आणि जिथे पाच-सहा तास ऊन येतं तिथे कुंडी. मोहरीची पेंड तीन-चार दिवस भिजवून ते पाणी दहापट पातळ करून पंधरा दिवसांतून एकदा घाला (वास भयंकर येतो, पाहुणे यायच्या दिवशी नको). नव्या फुटीवरच कळ्या धरतात, साधारण पाच-सहा आठवड्यांत.

मार्चमधलं ऊन

मार्चमध्ये एक आठवडा असा येतोच की पारा अचानक अडतीसच्या पुढे जातो आणि दुपारी खाडीकडचं वारंसुद्धा यायला उशीर करतं. त्या आठवड्यात निम्मी बाग जाते. पाणी सकाळी सातच्या आत, मुळाशी, सावकाश, कुंडीच्या खालून थेंब येईपर्यंत. संध्याकाळी बोट मातीत घालून बघा, दोन पेरं कोरडी असेल तरच परत. कुंडीवर सुका पाला, नारळाची सोडणं, काहीही पसरा, माती झाकलेली पाहिजे. पश्चिमेची बाल्कनी असेल तर पन्नास टक्केवाली हिरवी शेडनेट दुपारपुरती बांधा, पडद्यासारखी सरकवता येईल अशी. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा, आणि ग्रिलच्या लोखंडाला टेकवू नका, ते तव्यासारखं तापतं.

खालच्या ताटल्यांमधलं पाणी रोज ओता, डासांचं म्हणून आणि खालच्या मजल्याच्या काकूंचं म्हणून. त्यांच्या वाळत घातलेल्या साडीवर माझं शेणखताचं पाणी पडलं होतं एकदा, दोन महिने लिफ्टमध्ये बोलत नव्हत्या. आता लाल माठाची पहिली कापणी त्यांच्याकडे जाते.

किडीत मुख्य त्रास पिठ्या ढेकणाचा आणि पानामागच्या लाल कोळ्याचा. लाल कोळी कोरड्या हवेत वाढतो, म्हणून पानांच्या मागून पाण्याचा जोरात फवारा मारला तरी बराच कमी होतो. नाहीतर एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि भांड्याच्या लिक्विड सोपचे चार थेंब, नीट हलवून, ऊन उतरल्यावरच फवारा. उन्हात मारलंत तर पानं जळतात. पालेभाजीवर मारलं असेल तर पाच-सहा दिवस कापू नका.

आता ताट

नियम थोडक्यात, कारण शेजारच्या पोरी विचारत असतात: राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे कडक, म्हणजे १८ ते ५९ वयाच्यांना एकच पोटभर जेवण. मांस, म्हणजे मटण-चिकन, त्या दोन दिवशी आणि लेन्टच्या बाकी शुक्रवारी चौदा वर्षांच्या वरच्यांनी टाळायचं. मासे, अंडी चालतात. साबुदाणा, वरी, रताळं असलं आपल्याकडच्या एकादशीचं काही नसतं यात. पण पापलेट-कोलंबीवर ताव मारून उपास म्हणणं मला काही पटत नाही, म्हणून आमच्याकडे शुक्रवारी बाल्कनीतलं आणि सुक्या मासळीतलं.

लाल माठ आणि जवळा. दोन मुठी सुका जवळा कोरडाच तव्यावर मंद भाजा, वास बदलला की उतरवा, चाळणीत घेऊन चोळा म्हणजे मिशा-रेती पडते, मग दोन पाण्यांत झटकन धुवा. भिजवत ठेवू नका, लगदा होतो. तेलात आठ-दहा लसूण पाकळ्या ठेचून, दोन हिरव्या मिरच्या, एक मोठा कांदा, कांदा मऊ झाला की जवळा, थोडी हळद, दोन मिनिटं, मग चिरलेला माठ. झाकण नाही, पाणी नाही. माठ स्वतःचं पाणी सोडतो ते आटू द्या. मीठ शेवटी आणि हात आखडून, जवळा खारट असतो. दोन आमसुलं, नाहीतर दिवस असतील तर कैरीचे चार तुकडे. तांदळाची भाकरी. शाकाहारी मंडळींनी जवळ्याऐवजी भिजवलेली चणाडाळ घालावी, छान लागते.

समुद्र मेथीची भाजी याहून सोपी, पण धुणं मात्र सहा-सात वेळा. भांड्यात भरपूर पाणी घेऊन मेथी वरून उचलायची, पाणी ओतायचं नाही, ओतलं की रेती परत त्याच्यावरच बसते.

बाजारातही याच दिवसांत मजा असते. शेवग्याच्या शेंगा जाडजूड, कोवळा फणस, ओले काजूगर, येऊरच्या बाजूच्या बायका पानावर वाटे लावून बसतात. काजूगर महाग वाटतात, पण सोलताना त्या टरफलाच्या चिकाने हातांची काय सालटी निघतात ते बघितलं की घासाघीस करायची इच्छा राहत नाही. वालाच्या बिरड्यात मूठभर काजूगर घाला, नारळाचं दूध, हिरवी मिरची, लसूण, बास. क्रुसाच्या वाटेवरून (येशूच्या क्रुसापर्यंतच्या वाटचालीची प्रार्थना) उन्हातून घरी आलं की कैरीचं पन्हं. कैरी उकडून गर काढा, गराच्या दीडपट गूळ, वेलची, मीठ, हे घट्ट फ्रिजमध्ये ठेवा, लागेल तसं पाण्यात कालवा. आणि हो, गुढीपाडवा बऱ्याच वर्षी मधेच येतो आणि समोरच्या घरून श्रीखंड येतं. मी गोड सोडलेलं असतं. ते रविवारपर्यंत फ्रिजमध्ये थांबतं, रविवारी चालतं, असा आमच्या घरचा कायदा.

गुड फ्रायडेला पेज. उकडा तांदूळ एक वाटी, आठ वाट्या पाणी, मीठ, कुकर नाही, पातेल्यात मंद आचेवर तासभर, दाणा फुटेपर्यंत. बाजूला भाजलेला पापड, कैरीचं लोणचं. तीन तासांच्या प्रार्थनेवरून आल्यावर दुसरं काही जातही नाही.

पवित्र आठवड्याचं वेळापत्रक

सोमवार-मंगळवारी मार्झिपान, म्हणजे ईस्टरच्या अंड्यांची मिठाई. बदामाऐवजी आपल्याकडे काजूच. पाव किलो काजू कोरडेच बारीक करा, मिक्सर थांबवत थांबवत, नाहीतर तेल सुटतं. पाव किलो पिठीसाखर, दोन अंड्यांचा पांढरा भाग, चमचाभर गुलाबपाणी, सगळं जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सतत ढवळत, बारा-पंधरा मिनिटांत गोळा कडा सोडतो. थेंब ताटलीत टाकून गार झाल्यावर बोटाला चिकटला नाही की झालं. जास्त शिजलं तर भुगा होतो, तेव्हा दुधाचा हात लावून मळा. साच्याला तूप पुसा, गोळा दाबून अंड्यांचे आकार काढा, पंख्याखाली सुकवा.

बुधवारी इंद्यालचा (व्हिनेगरमधलं तिखट मांस) मसाला: एक किलो डुकराच्या मांसाला पंधरा-वीस काश्मिरी मिरच्या, लसणाचा मोठा गड्डा, दोन इंच आलं, चमचाभर जिरं, हळद, दालचिनी, सहा लवंगा, दहा मिरी, सगळं अर्धी वाटी व्हिनेगरमध्ये वाटायचं. पाण्याचा थेंब नाही. काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये. गुड फ्रायडेला घरात मांस नाही, म्हणून मांस शनिवारी पहाटे आणून मसाला लावा, चार तास मुरवा, स्टीलच्या भांड्यात शिजवा, अल्युमिनियम नको, व्हिनेगर त्याला खातं. रात्रीपेक्षा रविवारी दुपारी चांगलं लागतं आणि सोमवारी त्याहून. डुक्कर खात नसाल तर चिकन, मसाला अर्धा, मुरवणं तासभर.

फुगे, म्हणजे यीस्टच्या पिठाचे तळलेले गोल पाव, ही खरी परीक्षा. अर्धा किलो मैदा, एक चमचा इन्स्टंट यीस्ट (पूर्वी ताडी घालायचे), दोन चमचे साखर, मीठ, एक अंडं, आणि कोमट नारळाचं दूध लागेल तसं, साधारण दीड वाटी. पीठ पोळीचं नाही, भज्याचंही नाही, मधलं, हाताला लोंबणारं. पाच-सात मिनिटं हाताने फेटा, आपटून आपटून. एप्रिलच्या गरमीत ते तासा-सव्वातासात दुप्पट होतं. एका वर्षी मी शनिवारी रात्रीच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जायच्या आधी भिजवून ओट्यावर ठेवलं, तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चला गेलो, येताना रिक्षा मिळेना, घरी आलो तर पीठ पातेल्यातून उतरून गॅसच्या बटणांपर्यंत पोचलेलं. आता निघताना फ्रिजमध्ये ठेवते, आल्यावर अर्धा तास बाहेर. डावा हात पाण्यात बुडवा, पीठ मुठीत घ्या, अंगठा आणि तर्जनीच्या मधून लिंबाएवढा फुगा वर दाबा, उजव्या हाताच्या ओल्या बोटाने उचलून मध्यम तेलात सोडा. तेल बरोबर असेल तर फुगा आपोआप पलटी मारतो. मारत नसेल तर तेल गार आहे किंवा पीठ घट्ट.

अंडी रंगवायची असतील तर पांढरी घ्या. कांद्याची सालं दोन मुठी, चमचाभर व्हिनेगर, पंधरा मिनिटं उकळून गाळा, त्यात उकडलेली अंडी रात्रभर फ्रिजमध्ये, विटकरी रंग येतो. हळदीत पिवळा, बिटात गुलाबी. खायची असतील तर टोपलीत सजवून दिवसभर बाहेर ठेवू नका, आपल्या हवेत दोन तास म्हणजे खूप झाले.

नंतर

अंड्यांची कवचं धुऊन, वाळवून, मिक्सरमधून काढा, टोमॅटो-मिरचीच्या कुंडीत चमचा-चमचा. ते हळूहळू विरघळतं, लगेच काही चमत्कार होत नाही. लाल माठाची खोकी आता रिकामी करा, एप्रिल-मे मध्ये तिथे आमच्या बाटली मसाल्याच्या (बाटल्यांत भरून ठेवतो तो मसाला) मिरच्या वाळतात. झावळ्यांच्या रविवारची झावळी क्रुसामागे खोचलेली असते, ती कुंडीत खत म्हणून टाकायची नाही, पुढच्या वर्षी चर्चमध्ये परत द्यायची, तिचीच राख बुधवारी कपाळाला लागते.

भेंडी आता कुठे जोरात येईल, मे महिन्यापर्यंत देईल. बी साधं गावठी असेल, पाकिटावर हायब्रीड लिहिलेलं नसेल, तर सगळ्यात चांगल्या झाडावरच्या दोन भेंड्या तोडू नका, झाडावरच वाळून तडकू द्या. बिया काढा, दोन दिवस सावलीत ठेवा, औषधाच्या रिकाम्या डबीत भरा आणि डबीवर पेरायची तारीख लिहा. ईस्टरपासून मागे अठ्ठावन्न दिवस.